दोन टाचा

४ फेब्रुवारी. सकाळी दहा.

इतक्या उशिरा लिहायला बसलो, त्याबद्दल माफी असावी. कोणाची मागतोय ते माहीत नाही. वहीची समजू. आमच्या चारशेव्या प्रयोगाला माझ्या रंगमंचावरच्या जोडीदाराने, लंबूने, ही वही दिली आणि रोज एक विनोद लिहायला सांगितलं. पहिल्या पानावर 'विनोद क्रमांक १' एवढंच आहे. मग सवड झाली नाही. सहा वर्षं गेली. ही म्हणते, सहा वर्षं तुम्ही खिडकीत बसून होतात. खिडकीत बसलेल्या माणसाला सवड असते, हा बायकांचा गैरसमज आहे.

आज लिहायचं कारण, पुतणीचा फोन. फोन वाजला की मला धडधडतं. आधी वाटतं लंबूचा असेल. मग वाटतं, नसला तर बरं.

पुतणी कॉम्प्युटरच्या संस्थेत आहे. तिथे त्यांनी एक मशीन शिकवलंय. पडद्यावर चित्रातली माणसं विनोदी खेळ करणार, समोरचे प्रेक्षक बटणं दाबून मध्येच लुडबूड करणार, आणि मशीनने तरीही खेळ हशापर्यंत नेऊन पोचवायचा. त्यासाठी तिला आमचा खुर्चीचा खेळ हवाय. मला विनोद सल्लागार नेमायचं म्हणते.

मी विचारलं, लंबूला विचारलंस का. म्हणाली, विचारलं. ते म्हणाले, बुटक्याला विचार, खुर्ची त्याच्याकडे असायची.

बुटका म्हणजे मी. यात टोमणा नसावा. तासभर विचार केला. नसावाच.

६ फेब्रुवारी.

संस्थेत गेलो. चौथा मजला. काचेचं दार माणूस जवळ आला की आपोआप उघडतं. मी तीनदा मागे सरलो, ते तीनदा उघडलं. आतली मंडळी बघत होती. पहिल्याच दिवशी छाप पडली.

मशीन म्हणजे टेबलाखालचा काळा डबा. आवाज सगळा गुरगुरल्यासारखा. पुतणी त्याला प्लॅनर म्हणते. मी प्लॅनरसाहेब म्हणतो. आपलं काय जातं.

प्लॅनरसाहेबांची पद्धत अशी. आधी शेवट सांगायचा. उदाहरणार्थ, 'लंबू खुर्चीवर बसलेला'. मग ते शेवटाकडून उलटे मागे येतात. बसायला काय लागतं? खुर्ची. खुर्ची कोणी ठेवली? ठेवणारा तिथे कसा आला? प्रत्येक गोष्टीला करणारा लागतो. आपोआप काही होत नाही. कोणी मध्ये बटण दाबून घोळ घातला की पुन्हा उलटे मोजायला लागतात. मला आमच्या शाळेतले मास्तर आठवले. काच फुटली की तेही असेच उलटे मोजत माझ्यापर्यंत यायचे. मी सातवीपर्यंत शिकलो. सातवीत दोनदा.

माझं काम: खेळातल्या प्रत्येक कृतीचं एक कार्ड भरायचं. कार्डावर तीन रकाने. आधी काय असायला हवं. नंतर काय होतं. समोरच्याला काय वाटतं.

तिसऱ्या रकान्याची गरज काय, असं मी विचारलं. पुतणी म्हणाली, विनोद तर तिथेच असतो काका. खरं एक आणि समोरच्याला वाटतं दुसरंच.

घरी येऊन ब्लडप्रेशरची गोळी घेतली.

७ फेब्रुवारी.

सोळा कार्डं भरली. अक्षर सुरेख आलं. खेळ असा होता: लंबू पुढे उभा राहून पेपर वाचतो. मागे वळून कधी बघत नाही. मी मागे झाडलोट करताना त्याची खुर्ची उचलून नेतो. तो वाचता वाचता बसायला वाकतो. लोकांचा श्वास अडकतो. अगदी शेवटच्या क्षणी मी खुर्ची खाली सरकवतो आणि बुटांच्या टाचा दोनदा वाजवतो. टक टक. म्हणजे खुर्ची आली, बस. तो बसतो. हशा.

कार्डावर ठळक लिहिलं: 'लंबू दोन टाचा ऐकल्याशिवाय बसत नाही. चारशे बारा प्रयोगांत एकदाही नाही.' खाली दोन रेघा मारल्या. अभिमानाची गोष्ट आहे.

पुतणीने कार्डं गुपचूप घेतली. माझा धाक बसला असावा.

११ फेब्रुवारी. दुपार.

पडद्यावर पहिली चाचणी. चित्रातला लंबू हुबेहूब. चित्रातला बुटका माझ्यापेक्षा जाड काढलाय, तक्रार नोंदवली. चित्रकारीण म्हणाली की जुन्या फोटोंवरून काढलाय.

संस्थेतल्या दोघांनी बटणं दाबली. एकाने बुटक्याला खुर्चीवर चढवून घड्याळाला किल्ली द्यायला लावली. दुसऱ्याने खुर्ची दाराबाहेर नेली आणि दार लावून घेतलं. लंबू वाकायला लागला. मी ओरडणारच होतो. तेवढ्यात बुटक्याने स्वतः ओणवं होऊन पाठ पुढे केली, टाचा वाजवल्या आणि लंबू त्याच्या पाठीवर बसून पेपर वाचत राहिला.

हे आम्हाला कधी सुचलं नव्हतं. मी हसलो. मोठ्याने. सहा वर्षांत पहिल्यांदा, असं पुतणीने घरी फोन करून हिला सांगितलं. चुगली करण्यासारखं त्यात काय होतं?

निघताना पुतणी म्हणाली, सोमवारपासून दुसरा शेवट करू. शेवटच्या प्रयोगातला. लंबूकाका पडले तो. ज्यांनी पाहिला ते अजून त्या हशाबद्दल बोलतात.

जिना उतरताना कठडा धरला. कठड्याला घाम होता. माझाच असावा.

१२ फेब्रुवारी.

गेलो नाही. पोट.

ही म्हणाली, काल दोन वेळा जेवलात तेव्हा कुठे होतं पोट.

निश्चय: मशीनला घाबरायचं नाही. तो डबा आहे. डब्याला काय कळतं.

१४ फेब्रुवारी.

चारशे बाराव्या प्रयोगात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. खुर्ची मोडली. लंबू पडला, कमरेचं हाड गेलं. खुर्ची आमच्या थिएटरच्या सुताराने केलेली. खिळा कच्चा होता. असं मी त्या दिवशी मॅनेजरला सांगितलं, आणि मॅनेजरने सुताराला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं. लंबू त्यानंतर बहिणीकडे राहायला गेला, दुसऱ्या गावी. हॉस्पिटलात मी एकदा गेलो होतो. तो झोपला होता. पापण्या हलत होत्या, पण झोपला होता. सफरचंदं ठेवून आलो.

म्हणून आज सतरावं कार्ड भरलं. कृती: खुर्ची मोडते. आधी काय असायला हवं: काही नाही. नंतर: लंबू पडतो. समोरच्याला काय वाटतं: खुर्ची चांगली आहे.

पुतणीने विचारलं, करणारा कोण? मी म्हणालो, आपोआप. ती म्हणाली, इथे आपोआप काही होत नाही काका. मी म्हणालो, खुर्च्यांच्या बाबतीत होतं, तुला अनुभव नाही.

सल्लागाराचा शब्द. तिने कार्ड घातलं. रात्री शांत झोप लागेल.

१५ फेब्रुवारी.

लागली नाही. उशी जुनी झाली आहे.

१८ फेब्रुवारी.

संकट. प्लॅनरसाहेबांना ते कार्ड फार आवडलं. पुतणी सांगते, त्यांना नेहमी कमीत कमी पायऱ्यांचा रस्ता हवा असतो, आणि माझ्या कार्डाला काहीच लागत नाही. त्यामुळे 'पडलेला' म्हटलं की खुर्ची मोडते. लंबू पडद्यावर येतो, खुर्ची मोडते. बटण दाबून खुर्ची बाहेर नेली, बाहेर मोडते. बुटका झाडू शोधतोय, तोवर मोडली. एकदा तर लंबू अजून आला नव्हता, त्याच्या आधीच मोडली आणि तो येऊन तिच्या तुकड्यांत पडला.

कोणी हसलं नाही. बटणवाल्या दोघांपैकी एक चहा आणायला गेला.

मी सुचवलं की मशीन बिघडलंय, दुसरं आणा. पुतणी माझ्याकडे बघत राहिली. चष्मा पुसला. पुन्हा बघत राहिली. या पोरीची नजर माझ्या थोरल्या भावावर गेली आहे. त्याच्यापुढेही मला खोटं बोलणं जमायचं नाही. म्हणजे खरं बोलणं. घाईत उलट लिहिलं.

१९ फेब्रुवारी. सकाळी साडेअकरा.

सुताराचं दुकान आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर आहे. सहा वर्षं मी दूध आणायला लांबच्या रस्त्याने जातो. व्यायाम म्हणून. आज लांबचा रस्ता खणलेला. खाली मान घालून जवळून निघालो, तर त्यानेच हाक मारली.

म्हणाला, या बुटकेराव, चालून दमला असाल. दारं-खिडक्या दुरुस्त करतो आता, बरं चाललंय म्हणाला. रंधा बाजूला ठेवला आणि ज्यावर बसला होता ती खुर्ची माझ्याकडे सरकवली.

तीच खुर्ची. डाव्या हातावरचा रंग उडालेला, तिथे लंबू बोटं वाजवायचा. चारही पाय शाबूत. कुठे चीर नाही. थिएटरने फेकून दिली, तेव्हा मी उचलून आणली म्हणाला. सहा वर्षं हिच्यावरच बसतो.

"बसता का? मजबूत आहे. खिळा पक्का ठोकलाय."

तो हसत होता, पण रागाने नाही. ते जास्त वाईट. मी म्हणालो, दूध नासेल. दूध अजून घेतलं नव्हतं. रिकामी पिशवी हातात होती.

घरी येऊन दाराला कडी लावली. दोनदा तपासली.

२१ फेब्रुवारी.

पुतणीने सतरावं कार्ड काढून टाकलं. मला न विचारता. मग प्लॅनरसाहेबांना पुन्हा सांगितलं, शेवट: लंबू पडलेला.

डबा बराच वेळ गुरगुरला. पडद्यावर लाल अक्षरं आली: योजना सापडत नाही.

तिने समजावलं. लंबूकाका टाचा ऐकल्याशिवाय बसत नाहीत, हे तुमचं कार्ड. खाली खुर्ची नाहीतर पाठ आल्याशिवाय टाचा वाजत नाहीत, हेही तुमचंच कार्ड. म्हणजे ते बसले की खाली काहीतरी असणारच. या कार्डांवर ते पडूच शकत नाहीत. हजारो रस्ते पाहिले त्याने. एकही तिथे जात नाही.

मी म्हणालो, बरं झालं की मग. सुरक्षित खेळ.

बाकीचे जेवायला गेले होते. खोलीत ती, मी आणि डबा. तिने खुर्ची माझ्याजवळ ओढली. अगदी हळू बोलली, लहानपणी मी तिच्या पायातला काटा काढताना जसा बोलायचो तसं.

"काका, त्या दिवशी टाचा वाजल्या होत्या का?"

मी म्हणालो, बस चुकेल.

काचेचं दार उघडायच्या आतच बाहेर पडायला गेलो. कपाळाला टेंगूळ आहे.

२२ फेब्रुवारी.

फोन वाजला. उचलला नाही.

२३ फेब्रुवारी.

फोन वाजला. उशीखाली ठेवला. हिने उचलला. चुकीचा नंबर होता.

राजीनामा द्यायचं ठरवलं. कारण: कपाळ.

२४ फेब्रुवारी.

एक विचार डोक्यातून जात नाही. तो डबा काही विसरत नाही आणि कंटाळत नाही. मी मेल्यावरही तो मागे मागे मोजत राहील. खुर्ची कोणी नेली. टाचा कोणी वाजवल्या.

राजीनाम्याचा कागद सापडत नाही.

२६ फेब्रुवारी. सकाळी अकरा, स्वयंपाकघरात.

ही भाजी निवडत होती. मी समोर बसून एक कोरं कार्ड काढलं. कोरी कार्डं खिशात होती, ती परत करायची राहिली होती म्हणून. लिहिलं.

कृती: टाचा वाजवणे. आधी काय असायला हवं: काही नाही.

एवढंच. खुर्ची नसली तरी टाचा वाजतात. बूट असले की झालं.

हे कार्ड खरं आहे. आता इथेही लिहून टाकतो. वाचणारं कोणी नाही.

चारशे अकरा वेळा हशा आला तो लंबू बसल्यावर. पण टाचा आणि बसणं यांच्यामध्ये एक क्षण असायचा. सगळं थिएटर गप्प. तो क्षण माझा. मला तो थोडा मोठा हवा होता. एका श्वासाएवढा. म्हणून त्या दिवशी टाचा आधी वाजवल्या. खुर्ची हातात होती. लगेच ठेवणार होतो. ठेवणारच होतो.

तो बसला. माझ्या टाचांवर भरवसा ठेवून बसला, मागे न बघता.

आणि हशा आला. असा हशा कधी आला नव्हता. लोकांना वाटलं खेळच आहे. लंबू खाली पडलेला, ओठ घट्ट मिटून माझ्याकडे बघत होता. आणि मी वाकून नमस्कार केला. त्याच्या शेजारी उभं राहून. तीन वेळा.

कार्डाच्या दुसऱ्या रकान्यात तेही लिहिलं: नंतर बुटका नमस्कार करतो.

तिसरा रकाना, समोरच्याला काय वाटतं, याला पाऊण तास लागला. लिहिलं: खुर्ची आहे.

कार्ड हिच्याकडे सरकवलं. हिने वाचलं, पुन्हा भाजी घेतली. म्हणाली, मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, तुम्ही झोपेत टाचा वाजवता. पलंगाच्या फळीला दोन खळगे पडलेत.

मी विचारलं, मग सहा वर्षं बोलली का नाहीस. म्हणाली, मी कशाला बोलू, माझं हाड मोडलं होतं का?

३ मार्च.

प्रयोग झाला. टाचांचं कार्ड मी पुतणीला दिलं होतं, तेही त्यात होतं. संस्थेच्या सभागृहात चाळीस माणसं, प्रत्येकाच्या हातात बटण. मी पाचव्या ओळीत बसलो. आयुष्यात पहिल्यांदा समोरून पाहिलं. चारशे बारा वेळा मी मागे होतो.

ठरवलं होतं, घाबरायचं नाही. शेजारच्या बाईंनी विचारलं, तुम्हाला थंडी वाजतेय का.

पहिला भाग उत्तम. लोक बटणं दाबून खुर्ची पळवत होते, प्लॅनरसाहेब ती कुठून कुठून परत आणत होते. मग पडद्यावर खाली नवं बटण उमटलं. टाचा. लोकांनी खुर्ची नसतानाच दाबलं. दाबणारच. त्या दिवशी मीही दाबलंच होतं.

टक टक. लंबू बसला. पडला.

तोच हशा. मी डोळे मिटले होते, ते उघडून लोकांकडे पाहिलं. सगळे लंबूकडे बघत होते. त्याच्या तोंडाकडे, हातातल्या चुरगळलेल्या पेपरकडे. मागे कोपऱ्यात चित्रातला बुटका वाकून नमस्कार करत होता. एकही माणूस त्याच्याकडे बघत नव्हता.

शेजारच्या बाईंनी नवऱ्याला विचारलं, तो मागे कोण वाकतोय. नवरा म्हणाला, खुर्च्या लावणारा असेल.

इथे संपायला हवं होतं. संपलं नाही. चित्रातला लंबू उठला, पेपर झटकला, पुन्हा वाचायला उभा राहिला. लोकांनी बुटक्याकडून खुर्ची आणवली. नीट मागे ठेवली. टाचा दाबल्या.

लंबू बसला नाही.

पुन्हा दाबल्या. टक टक. तो वाचत उभा. चाळीस माणसं बटण दाबतायत. टक टक, टक टक. खुर्ची अगदी मागे, पायाला लागेल इतकी जवळ. लोक आधी हसत होते. मग कमी. मग गप्प. मागून कोणीतरी म्हणालं, बस ना बाबा आता.

पडद्यावर लाल अक्षरं: योजना सापडत नाही.

पुतणी धावत पुढे गेली, डब्याशी खुडबुड केली, मग दिवे लावले. नंतर तिने मला सांगितलं, हे तिने ठरवलेलं नव्हतं. मशीन बरोबर होतं. टाचा वाजल्या म्हणजे खुर्ची आली, हे लंबूकाकांना आता वाटत नाही. तिसरा रकाना बदलला. तो परत कसा बदलायचा, त्याचं कार्डच कोणी दिलेलं नाही.

मी म्हणालो, मी सल्लागार आहे, देतो.

६ मार्च.

तीन दिवस बसलोय. आठ कार्डं फाडली. मला येत नाही.

८ मार्च.

सुताराकडे गेलो, जवळच्या रस्त्याने. खिळा पक्का होता, असं त्याच्या तोंडावर म्हणालो. त्याने रंधा थांबवला नाही. बराच वेळ भुसा पडत राहिला. मग म्हणाला, मॅनेजर गेल्या वर्षी वारला, आता कोणाला सांगून उपयोग. मी म्हणालो, तुला सांगतोय. तो म्हणाला, मला माहीत होतं, खिळा मीच ठोकला होता. लंबूला बोलावून बसवायचंय म्हणालो, तेव्हा खुर्ची मात्र दिली. उधार, म्हणाला, तो आला नाही तर परत आणायची.

मी खांद्यावर घेऊन आलो. दोनदा पडता पडता वाचलो.

९ मार्च. सकाळी.

लंबूला पत्र लिहिलं. कार्ड आत घातलं. ही लगेच चप्पल घालून पत्र टाकायला निघाली, मी मागून जाऊन काढून घेईन म्हणून टपालपेटीपाशी उभी राहिली, असं स्वतःच सांगितलं. मी जाणार नव्हतो. गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो होतो, तो व्यायाम म्हणून.

आता काढता येत नाही, म्हणून पत्राची नक्कल इथे ठेवतो.

'लंबू, टाचा मी आधी वाजवल्या. खुर्ची हातात होती. मोडली नव्हती. नमस्कारही केला, तो तू पाहिलास. सफरचंदं ठेवली तेव्हा तू जागा होतास, ते मीही पाहिलं. खुर्ची आमच्याकडे भिंतीला टेकवून ठेवली आहे. मी तिच्यावर बसत नाही, हात लावत नाही. आलास तर आधी चाचपून बघ, हवं तर हिला बसवून बघ, मला राग येणार नाही. सोबत कार्ड आहे. कृती: लंबू बसतो. आधी काय असायला हवं, तो रकाना मला भरता आला नाही, मशीनलाही आला नाही. तुझ्यासाठी कोरा ठेवलाय. जे लिहिशील ते करीन. काही लिहायचं नसलं तर कोराच परत पाठव, पण पाठव. फोन वाजला की मला फार भीती वाटते. लवकर कळव.'